विचारलं म्हणून लिहिलं

तंजावरला बृहदीश्वराच्या आवारात शिरलं की नजर आधी वर जाते, विमानाच्या कळसाकडे. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास हे देऊळ पुरं केलं. त्याच्या दगडांवर तमिळ लेखांची दाटी आहे. मराठी माणसाने मात्र आवाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशी जरूर जावं. तिथे ओळीमागून ओळ मराठी कोरलेली आहे, देवनागरीत. भोसले घराण्याची सगळी हकीकत. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी ती आपल्या चिटणिसाकडून लिहवून घेतली आणि १८०३ साली दगडावर चढवली.

मला त्या मजकुराइतकंच त्याचं सालही थक्क करतं. १७९९ मध्ये तह होऊन तंजावरच्या राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. राजाकडे किल्ला उरला, मानमरातब उरला, तनखा उरला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांत हा लेख उभा राहिला. आपण कोण, कुठून आलो, कुणाच्या पोटी कोण जन्मलं, हे लिहून ठेवण्याची निकड सत्ता हातून सुटताना वाटली, असं मला ती सालं शेजारी शेजारी ठेवल्यावर वाटतं.

राजाला दगड मिळाला आणि चिटणीस मिळाला. बाकीच्यांच्या घरांत हे काम कसं होतं? मराठीतली घरच्या आठवणींची जी पुस्तकं आपण जीव लावून वाचतो, त्यांच्या जन्मकथा पाहत गेलं की एक गोष्ट सारखी समोर येते. अशा पुस्तकाला सहसा दोन माणसं लागतात. एकाला आठवत असतं, दुसरा विचारतो. पहिल्याचं नाव मुखपृष्ठावर येतं. दुसऱ्याचं प्रस्तावनेत कुठेतरी, किंवा येतही नाही. पण तो दुसरा नसता तर पुस्तकच नसतं.

पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे घ्या. भिक्षुकीवर चालणारं घर, डोक्यावर कर्ज. १८५७ च्या सुरुवातीला कानावर आलं की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला सर्वतोमुख यज्ञ करणार आहेत, मोठा दानधर्म होणार आहे. तिशीतले विष्णुभट काकांना बरोबर घेऊन उत्तरेकडे निघाले. दक्षिणा मिळवावी, कर्ज फेडावं, जमल्यास काशीयात्रा करावी, एवढाच बेत. महूच्या आसपास पोचेपर्यंत शिपायांच्या बंडाची बातमी आली. मागे फिरायचं की पुढे जायचं? ते पुढे गेले, आणि दक्षिणेसाठी निघालेला हा कोकणातला ब्राह्मण सत्तावनच्या वणव्याच्या मधोमध चालत राहिला.

१८५८ च्या मार्चमध्ये ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा विष्णुभट शहराच्या आत होते. तोफगोळे, पडलेलं शहर, कत्तल, जळती घरं, पाण्याचा हाहाकार हे सगळं त्यांनी शहरातल्या माणसाच्या उंचीवरून पाहिलं. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी त्यांना राणी लक्ष्मीबाई दिसल्या. धुळीने माखलेल्या, तहानलेल्या. विष्णुभट पाणी काढून द्यायला पुढे झाले, तर राणीने विद्वान ब्राह्मणाला ते कष्ट नकोत म्हणून आपल्या हाताने पाणी शेंदलं. वाटेत मिळवलेलं द्रव्य लुटलं गेलं. अडीच-तीन वर्षांनी ते वरसईला परतले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन. आईवडिलांना गंगास्नान घडलं.

आणि मग? मग वीसेक वर्षं काहीच नाही. म्हणजे ते सांगत असणारच. ओटीवर, लग्नकार्यात, पंगत उठल्यावर. पण कागदावर अक्षर नव्हतं. कल्याणच्या वैद्यांच्या घराशी त्यांचा उपाध्येपणाचा संबंध होता. त्या घरातला विशीतला तरुण चिंतामण विनायक, जो पुढे रामायण-महाभारताचा मोठा अभ्यासक म्हणून गाजला, त्याने विष्णुभटांना म्हटलं की हे सगळं लिहून द्या. १८८३ मध्ये ते लिहायला बसले. मोडीत लिहिलं. ‘माझा प्रवास’ झाला.

इथे थोडं थांबून विचार केला पाहिजे. सांगणं आणि लिहून देणं यात असं काय घडतं? घरातल्यांना सांगताना निम्मं गाळता येतं. ऐकणाऱ्याला काका माहीत असतात, वाट माहीत असते, भिक्षुकाचं गाठोडं कसं असतं तेही माहीत असतं. ज्याला माहीत नाही त्याने विचारलं की सांगणाऱ्याला थांबून उलगडावं लागतं. कुणाकडे उतरलात, काय खाल्लंत, किती पैसे मिळाले, ते कुठे लपवलेत? या प्रश्नांच्या उत्तरांत काळ सापडतो. म्हणूनच उत्तम विचारणारा हा बहुतेक वेळा अर्धा घरचा आणि अर्धा बाहेरचा असतो. पूर्ण घरच्याला प्रश्न पडत नाहीत. पूर्ण परक्याला उत्तरं मिळत नाहीत.

वैद्य तसे होते. बंडाच्या आठवणी छापणं त्या काळी धोक्याचं, म्हणून पुस्तक लेखकाच्या निधनानंतर, १९०७ मध्ये आलं. पण विचारणाऱ्याचा हात कधी कधी जास्त चालतो. वैद्यांनी भाषा घासूनपुसून घेतली, मजकूर कापला, मांडणी बदलली. अनेक वर्षं महाराष्ट्राने विष्णुभट वाचले ते वैद्यांच्या मराठीतून. मात्र त्याच वैद्यांनी एक फार मोलाचं काम केलं. मूळ हस्तलिखित त्यांनी फेकलं नाही. १९२२ मध्ये ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे दिलं. १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी त्या मूळ प्रतीवरून पुस्तक पुन्हा छापलं आणि वरसईच्या भटजींचा स्वतःचा आवाज, लिहिल्यानंतर ८३ वर्षांनी, वाचकांच्या कानी आला. छापील पुस्तक आहे म्हणून कच्चे कागद रद्दीत घालणाऱ्या प्रत्येकाला मला ही हकीकत हात धरून सांगावीशी वाटते.

त्यातलं सगळं खरं आहे का? नाही. विष्णुभटांनी जे डोळ्यांनी पाहिलं ते एका जातीचं, जे बाजारात ऐकलं ते दुसऱ्या जातीचं. ऐकीव भागात अफवा आहेत, सालांची गल्लत आहे. पण बाजारात लोक काय बोलत होते हेही कुठल्या सरकारी दप्तरात सापडणार? अफवा खोटी असते, अफवा पसरली होती ही गोष्ट खरी असते. घरच्या आठवणी वाचताना हा फरक हाताशी ठेवला की त्यांची किंमत कमी होत नाही, उलट दुप्पट होते.

विचारणाऱ्यांची ही माळ पुढे नेली की मन भरून येतं. लक्ष्मीबाई टिळकांकडे मुलगा देवदत्त नारायण वामन टिळकांच्या आठवणी मागायला गेला. वडिलांच्या चरित्रासाठी साधनं हवी होती. आई सांगत गेली आणि वडिलांच्या आठवणींतून आईच उभी राहिली. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली. शाळेत फारसं न शिकलेल्या बाईने लिहिलेलं ते मराठी आजही ताजं आहे.

फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवायच्या. माल बांधायला आणलेल्या रद्दीतले वर्तमानपत्रांचे तुकडे वाचता वाचता त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. वीरगावच्या महारवाड्यातलं बालपण, बायकांचे हाल, भूक, आणि बाबासाहेबांच्या शब्दाने माणसं उभी राहताना पाहिलेली. घरच्यांना कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवल्या, वर्षानुवर्षं. फलटणला येऊन राहिलेल्या, मराठी आपलीशी केलेल्या मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन अभ्यासक बाईंना ते लेखन कळलं आणि त्यांनी ते बाहेर आणायचा आग्रह धरला. ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तक झालं. पुन्हा तेच: अर्धी घरची, अर्धी बाहेरची बाई.

आणि दामू जाधव. नाशिकजवळच्या ओझरहून मुंबईला आलेले, पोर्ट ट्रस्टमध्ये राबलेले. निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना तेव्हा मुलांनी त्यांना आयुष्य लिहून काढायला लावलं. अक्षरओळख जेमतेम, पण ते लिहीत राहिले. नरेंद्र जाधवांनी त्या लेखनाच्या पायावर ‘आमचा बाप आन् आम्ही’ उभं केलं, १९९३ मध्ये. पुढे त्याची भाषांतरं किती भाषांत गेली! मुळाशी होता मुलाने बापाला केलेला एक आग्रह.

पण विचारणं हाच ज्यांचा धंदा होता अशी माणसंही आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या होती. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात जुनी माणसं हेळवी ओळखतात. बैलावर बसून तो गावात यायचा. दारात उभा राहिला की तुमच्या घराण्याचा मूळ पुरुष कोण, तो कुठल्या गावाहून इथे आला, त्याला मुलगे किती, कुठली शाखा कुठे गेली हे म्हणायला लागायचा. मग विचारायचा: गेल्या खेपेनंतर घरात कोण जन्मलं, कोण गेलं? ते ऐकून घ्यायचा, आपल्या वंशावळीत जोडायचा, धान्य आणि बिदागी घेऊन पुढच्या गावाला जायचा. आज त्यांच्या घरांत वह्या आहेत. घराण्याचं पुस्तक घराबाहेरच्या माणसाकडे, आणि दर काही वर्षांनी ते स्वतःहून दारात येऊन अद्ययावत होऊन जायचं! इतकी विलक्षण व्यवस्था कुणी आखून केली असती तरी साधली नसती.

तीर्थक्षेत्रांत उलट असतं. तिथे तुम्ही जाता. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, गया; कुठेही तीर्थोपाध्यायांच्या घरी गेलात की पहिले प्रश्न ठरलेले. आडनाव? मूळ गाव? मग गावांच्या क्रमाने लावलेल्या नामावळीच्या वह्या निघतात, पानं उलटली जातात, आणि अचानक समोर येतं खापरपणजोबांचं हस्ताक्षर. मोडीत. कोण बरोबर होतं, कुणाचं श्राद्ध केलं, मुलांची नावं काय. अनेकांना आपल्या पूर्वजाचा हा एवढाच लेखी पुरावा असतो, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो. त्याखाली तुम्ही तुमची नोंद करता. हरिद्वारसारख्या क्षेत्रांतल्या अशा वह्यांचं मोल ओळखून अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने त्यांच्या मायक्रोफिल्म काढून ठेवल्या आहेत.

या नोंदी आणि आजीच्या आठवणी जुळवायच्या तर मधे येतो काळाचा प्रश्न. आणि हा भाग मला सर्वांत रंजक वाटतो.

आजीला विचारलं, की तुझं लग्न कुठल्या साली झालं, तर ती म्हणेल, “मला बाई कुठलं साल ठाऊक!” पण तिच्याकडे पंचांग असतं, घटनांचं. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तू कुठे होतीस? माहेरी की सासरी? पोटात कोण होतं? बस्स. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट हाती आली. पुण्यात पानशेतचा पूर विचारावा, १२ जुलै १९६१. मराठवाड्यात आणि नगर-सोलापूरकडे बहात्तरचा दुष्काळ: पाझर तलावावरचं काम, सुकडी, लाल मिलोच्या भाकरी. लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. आणखी मागच्या पिढीच्या गोष्टी ऐकीव असतील तर त्यात १९१८ ची मानमोडी येते, त्याच्याही मागे १८९६-९७ चा प्लेग. लोकसंख्येचे अभ्यासकही निरक्षर माणसाचं वय ठरवायला अशाच स्थानिक घटनांची यादी वापरतात. प्रत्येक गावाची यादी वेगळी. धरण कधी झालं, वीज कधी आली, एसटी पहिल्यांदा कधी आली. ही यादी आधी तयार करा, मग वहीपेन घेऊन आजीजवळ बसा. पाऊण तासात दहा सालं पक्की होतील.

माळ्यावरच्या कागदांचं पंचांग आणखी गुंतागुंतीचं. समजा एका जुन्या कागदावर फक्त ‘विक्रम नाम संवत्सरे’ आणि तिथी आहे. संवत्सरांची नावं साठ आहेत आणि ती साठ वर्षांनी फिरून येतात. तेव्हा हा विक्रम शके १६२२ चा असेल, १६८२ चा असेल किंवा १७४२ चा असेल. शकात ७८ मिळवा, किंवा इसवी सनाचं नवं वर्ष लागून चैत्र यायचा असेल तर ७९. म्हणजे १७००, १७६० किंवा १८२०. पहिल्यात ताराबाई औरंगजेबाशी झुंजताहेत. दुसऱ्यात फौजा पानिपतावर आहेत. तिसऱ्यात पेशवाई बुडून दोन वर्षं झाली आहेत आणि पुण्यात कंपनीचा अंमल आहे. नाव एकच, जग तीन! मग कागदातली माणसं पाहायची, कुणाच्या शिक्क्याचा उल्लेख आहे ते पाहायचं, आणि तिथीबरोबर वार दिला असेल तर गणित करून पाहायचं की त्या साली त्या तिथीला तो वार येतो का. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, शके १६८२ असं जुळलं की १४ जानेवारी १७६१ ही तारीख खात्रीने निघते. पानिपतचा दिवस.

त्याहून मौजेचा सुहूर सन. जुन्या मराठी कागदांत तो आकड्यांत नसतो, अरबी संख्यावाचक शब्दांत असतो, आणि उलट्या क्रमाने, एककापासून. इहिदे सितैन मया व अलफ: एक, साठ, शंभर आणि हजार. म्हणजे ११६१. मृग नक्षत्राला सुरू होणारं हे शेतकऱ्याचं साल. त्यात ५९९ मिळवले की १७६०, आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ६०० मिळवले की १७६१. पुन्हा पानिपत! कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या कुलकर्ण्याच्या घरातला शेतसाऱ्याचा कागद अरबी आकडे बोलतो, मराठी व्याकरणात, मोडी अक्षरांत. आपल्या घरच्या पेटीत किती दूरदूरची जगं एका पानावर बसलेली असतात!

मोडीची अडचण खरी आहे. बोरूने आधी कागदभर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग हात न उचलता अक्षरं त्या रेघांना लटकवत जायचं, अशी ती धावती लिपी. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नाहीत, लघुरूपं अनेक. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकवायचे, मग थांबलं. त्यामुळे एका पिढीला आईच्या भाषेतलेच आजोबांचे कागद वाचता येईनात. असले कागद पुड्या बांधायला गेले, नदीत सोडले गेले, बंबात गेले. पण मोडी शिकणं वाटतं तितकं अवघड नाही. पुण्यामुंबईत आणि इतरत्रही वर्ग चालतात, आणि मराठी येणाऱ्याला काही महिन्यांच्या चिकाटीने साधी पत्रं लागायला लागतात.

वि. का. राजवाड्यांचं सगळं आयुष्य हेच विचारत गेलं: तुमच्या घरात जुने कागद आहेत का? ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. मिरजेला शाळामास्तर असलेले वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापत होते. १९१० मध्ये राजवाड्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांबरोबर भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. हे काम कुठल्या सरकारने सांगितलं नव्हतं. घराघरांतल्या पेट्या उघडल्याशिवाय मराठ्यांचा इतिहास मराठ्यांच्या शब्दांत कळणार नाही, हे या माणसांना जिवापाड पटलं होतं. दारोदार जायचं, नकार ऐकायचा, पुन्हा जायचं. आज आपण ज्याला इतिहास म्हणतो त्याचा केवढा तरी भाग तेव्हा कुणाच्या तरी माळ्यावर घरगुती कागद म्हणून पडून होता.

विसाव्या शतकात कुलवृत्तांतांची लाट आली. एकेका आडनावाचे जाडजूड ग्रंथ. वंशवेल, मूळ गाव, कुलदैवत, शाखा, कर्ती माणसं. कुलदैवताचा रकाना तर फार बोलका असतो. पोर्तुगिजांच्या जाचामुळे सोळाव्या शतकात मंगेश कुट्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला हलवली गेली. त्या देवांची कुळं आज मुंबईत, मंगळुरात, परदेशात असली तरी कुलदैवत विचारलं की कुळाची वाट कुठून फुटली याचा माग लागतो. पण या ग्रंथांची एक उणीव मला टोचते आणि ती सांगितलीच पाहिजे. जुन्या वंशवेलींत मुलींना जागा नसे. मुलगा पुढच्या फांदीवर, मुलगी लग्न होऊन पानाबाहेर. आणि ज्यांच्या घरांत लिहिणं-वाचणं पोचूच दिलं नाही त्यांचे वृत्तांत निघणार कुठून?

त्या घरांची आठवण होती जात्यावर. पहाटे दळताना बायका गात होत्या. आई, भाऊ, माहेरची वाट, लेकराचं दुखणं, नवऱ्याचा मार, बाबासाहेब, विठ्ठल. गी पॉइटवँ आणि हेमा राइरकर यांनी गावोगावच्या बायकांच्या साथीने या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! गाणारणीचं नाव, गाव, यांसकट. पुढे त्या ग्रामीण भारताच्या ‘परी’ या जनसंग्रहात सर्वांसाठी खुल्या झाल्या. कुलवृत्तांत बापाकडून मुलाकडे एका घरात सरकतो. ओवी आईकडून मुलीकडे जाते, आणि मुलगी सासरी जाते, म्हणून ओवी गावं ओलांडते. वंशवेलीने ज्या बाईला पानाबाहेर ठेवलं तिच्याबरोबरच आठवण प्रवास करत होती. आजच्या कुटुंबाचा इतिहास लिहिणाऱ्याने वंशवेलीइतकाच हा बायकांचा धागा धरावा. आजीचं माहेर कुठलं, तिच्या आईचं कुठलं, तिच्या आईचं कुठलं? तिसऱ्या-चौथ्या पायरीला बहुतेक घरं गप्प होतात. तिथून कामाला लागावं.

घराकडून गावाकडे जाणारी पुस्तकंही याच जातीची. त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा, तो एकंदर गावरचनेविषयी. न्यायाधीश म्हणून नोकरी केलेल्या नारायण गोविंद चापेकरांनी मात्र आपलं स्वतःचं एकच गाव निवडलं, बदलापूर, आणि १९३३ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. तिथल्या जातिजमाती, घरं, शेती, रीतीभाती, राहणी. तेव्हा ते लहानसं खेडं. आज बदलापूर म्हणजे लोकलच्या गर्दीतलं, लाखोंच्या वस्तीचं शहर, आणि तिथे नव्याने राहायला गेलेल्यांना आपल्या इमारतीखालची शेतं त्या पुस्तकात भेटतात. चापेकरांनी लिहिलं तेव्हा त्यातलं बरंचसं शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असलेलंच होतं. सर्वांना ठाऊक असलेलं लिहून ठेवायला मोठी दूरदृष्टी लागते.

आता छपाई सोपी झाली आहे. शंभर प्रतीही काढता येतात. कुलसंमेलनात वाटायच्या, काका-मामांना कुरियरने पाठवायच्या. मग पत्रं येतात: आमची शाखा राहिली, आत्याचं नाव चुकलं, तो फोटो नागपूरचा नाही, इंदूरचा. ही पत्रं म्हणजे पुस्तकाला मिळालेली पुढची साधनं. ती जपून ठेवावीत, नावानिशी आणि तारखेनिशी, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीला उपयोगी पडतील. नातलगांचं ध्वनिमुद्रण केलं असेल तर तेही मूळ स्वरूपात ठेवावं, एकापेक्षा जास्त ठिकाणी. आणि छापण्याआधी हयात माणसांना त्यांच्याविषयीचा मजकूर दाखवावा. विचारून लिहिलेल्या पुस्तकाने छापण्यापूर्वीही विचारावं.

प्रती नातेवाइकांतच संपवू नयेत एवढं मात्र मी आग्रहाने सांगेन. घरातली प्रत घर बदललं की हरवते. आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे: प्रकाशित झालेल्या पुस्तकाची प्रत तीस दिवसांच्या आत प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना द्यायची. वर्षाकाठी निघणाऱ्या मोठमोठ्या ग्रंथांशेजारी तुमच्या वाडीचं ऐंशी पानी पुस्तकही तिथे हक्काने बसतं. त्याशिवाय एक प्रत तालुक्याच्या वाचनालयाला, एक गावच्या शाळेला, एक जिल्ह्याचा इतिहास सांभाळणाऱ्या संस्थेला. धुळ्याला राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. अशा ठिकाणी छापील प्रतीबरोबर घरच्या मूळ कागदांच्या स्कॅन केलेल्या नकलाही द्याव्यात. पहिल्या पानावर गाव, तालुका, जिल्हा आणि साल ठळक लिहावं. शेवटी नावांची सूची द्यावी, बायकांची माहेरची नावंही त्यात घालून.

या रविवारी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. फोनवरचं ध्वनिमुद्रण चालू करा, परवानगी घेऊन. पहिला प्रश्न सालाचा नको. ज्या घरात तुम्ही लहान होतात, त्या घराच्या दारातून आत आल्यावर उजव्या हाताला काय होतं, हे विचारा.